थेल्मा माल्टबीची थरथरती गाडी

थेल्मा माल्टबीने चाळीस वर्षांत अकराशे सत्तावीस माणसांना गाडी चालवायला शिकवलं. त्यात लाउथ गावचे तीन पाद्री होते, दोन खाटीक होते, आणि एक दंतवैद्य तर असा, की पाचव्या परीक्षेपर्यंत त्याला डावं-उजवं कळलं नव्हतं. आकडा तिचा स्वतःचा. ती प्रत्येकाचं नाव वहीत लिहायची, पुढे शेरा मारायची, आणि शेरे कुणाला दाखवायची नाही, हे त्या माणसांचं नशीब.

तिच्या शिकवण्यात लाडीगोडी नव्हती. गाडी थांबली की हँडब्रेक. सिग्नल असो, रेल्वेचं फाटक असो, रस्ता ओलांडणारी बदकं असोत. थांबलात, हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलला टाका, मग काय नाक खाजवायचं ते खाजवा. इंग्लंडातले सगळेच मास्तर हे शिकवतात. थेल्मा ते घोटून घ्यायची. ज्याचा हात आपणहून त्या दांड्याकडे जात नाही, त्याला ती परीक्षेला बसू द्यायची नाही, मग त्याच्या आईने घरी बोलावून कितीही केक खायला घालू दे.

सहासष्टाव्या वर्षी तिने शिकवणं सोडलं. जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून भेट दिली ती ट्रॅक डेची. गावापासून तासाभरावर लढाईच्या काळातली विमानांची एक धावपट्टी आहे, तिथे आता हौशी लोक पैसे भरून आपापली गाडी मनसोक्त पळवतात. भेट देणाऱ्यांचा हेतू गमतीचा होता. जन्मभर ताशी तीस मैलांनी गेलेली बाई घाबरून घरी येईल, आणि मग वर्षभर हसायला विषय मिळेल.

थेल्मा घाबरली नाही. उलट तिला एका गोष्टीचं भारी नवल वाटलं. वेगाचं नव्हे, ॲक्सिलरेटर दाबायला अक्कल लागत नाही, हे तिचं मत आजही तेच आहे. नवल वाटलं ते थांबण्याचं. चाळीस वर्षं शिकवणीच्या गाडीत तिच्या पायापाशी वेगळा ब्रेक होता आणि ती दुसऱ्यांसाठी तो दाबत आली होती. पण शंभरावरून चाळीसवर, पुन्हा शंभरावरून चाळीसवर, अशी वीस मिनिटं गाडी आवळत राहिलं की आत नक्की काय होतं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणि त्याच दिवशी ते कळायची वेळ आली. चौथ्या फेरीला पेडल भिजल्या स्पंजासारखं मऊ लागायला लागलं. पाचव्या फेरीला ते पार तळाला टेकलं. तिची लाल हॅचबॅक वळण सोडून गवतात शिरली, ससे पळाले, आणि गाडी एका खड्ड्याशी आपसूक थांबली. थेल्माने हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं आणि म्हणाली, "कमाल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती कपलडिचच्या गॅरेजपुढे हजर. रेग कपलडिच हा तिचा एकोणऐंशी सालचा विद्यार्थी. आता बासष्ट वर्षांचा, गुडघे गेलेला, पण तिच्यापुढे अजूनही टोपी काढून उभा राहणारा.

"कपलडिच, ब्रेक गेला म्हणजे गेला कुठे?"

"कुठे जात नाही तो, बाई. ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं. तुमचं सात वर्षं पितंय. तापलं की त्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही वाफेवर पाय ठेवला होतात."

"आणि हे तू मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"तुम्ही ऑइल उकळेल इतकं कधी पळवलंत, बाई? तुमच्या गाडीत अंडंसुद्धा उकळलं नसतं."

नवं ऑइल पडलं. एवढ्यावर साधा माणूस थांबला असता. थेल्माला मात्र खाज सुटली. चाकाला आवळणारे पॅड कशाचे असतात, ते ज्या चकतीला धरतात ती डिस्क का तापते, ती उष्णता जाते कुठे? तिने ग्रंथालयातून पुस्तकं आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या पॅडचे तुकडे मांडून ठेवले. मुलगी कर्स्टी रविवारी जेवायला आली तर भाजलेल्या बटाट्यांच्या शेजारी काळी धूळ.

"आई, हे काय आहे?"

"ब्रेक. तिकडची ग्रेव्ही दे."

मग तिने शर्यतीच्या गाड्यांचे पॅड बसवून घेतले. कपलडिच नको नको म्हणत होता. ट्रॅकवर ते झकास चालले. पण असले पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि जानेवारीतल्या सकाळी सुपरमार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठलं आलंय तापणं! कर्स्टी शेजारी बसलेली. थेल्माने पेडल दाबलं, गाडीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ती थेट गोल चौकात घुसली. कचऱ्याच्या लॉरीने केवढ्याने तरी भोंगा वाजवला. कर्स्टीच्या मांडीवरची अंडी खाली गेली.

कर्स्टी डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. गाडीची किल्ली सोडायला तयार नसलेली म्हातारी माणसं ती रोज बघते. त्यांची मुलं कुजबुजत येतात, डॉक्टरांना गाडी बंद करण्याची चिठ्ठी लिहायला सांगतात. त्यामुळे ती अंड्यांवर ओरडली नाही. नुसती आईकडे बघत राहिली, आणि ते बघणं थेल्माला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर मात्र तिने काम नीट केलं. रस्त्यावर गारठ्यात पहिल्या दाबाला धरेल आणि ट्रॅकवर वीस मिनिटं सोडणार नाही, असं काहीतरी हवं होतं. कपलडिचने त्याच बनावटीच्या थोरल्या, दणकट गाडीच्या पुढच्या डिस्क आणि कॅलिपर, म्हणजे पॅड दाबून धरणारे चिमटे, भंगारातून शोधून आणले. डिस्क मोठी, म्हणजे तापायला वेळ लागतो आणि निवायला जागा मिळते. रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नळ्या आल्या, कारण रबर दाबाखाली फुगतं आणि पेडल बावळट होतं. पॅड मधल्या प्रकृतीचे निवडले. मोठ्या डिस्क जुन्या चाकांत मावेनात, म्हणून चाकंही थोरली आली. मागे तिने हात लावू दिला नाही, मूळचेच ब्रेक ठेवले. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा वरचढ झाला तर गाडी शेपटाकडून फिरते, हे तिने वाचलं होतं, आणि पुस्तकावर तिचा विश्वास होता.

वर्षभर सगळं सोन्यासारखं चाललं, आणि मग थरथर सुरू झाली.

ट्रॅक डेहून परत येताना, गावात उतरणाऱ्या लांब उतारावर ब्रेक लावला की सबंध गाडी थंडी वाजल्यासारखी कुडकुडायची. कपलडिच म्हणाला, "डिस्क वाकड्या झाल्यात, बाई. पुढच्या." नव्या टाकल्या. महिनाभर हलक्या पायाने चालवल्यावर गुण आला. पुढच्या ट्रॅक डेनंतर पुन्हा तेच. पुन्हा नव्या, पुन्हा गुण, पुन्हा कुडकुड.

"तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवता का हो?" कपलडिचने एकदा भीत भीत विचारलं.

"रेग कपलडिच, तुझ्या नावापुढे वहीत मी काय लिहिलंय ते तुला माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरं आहे."

सप्टेंबरमध्ये कर्स्टी गाडीत होती तेव्हा उतारावर ट्रॅक्टर आडवा आला. थेल्माने ब्रेक दाबला. गाडी थांबली व्यवस्थित, पण इतकी हादरली की आरसा फिरला आणि कर्स्टी किंचाळली. दोघी घरी आल्या. दारात कर्स्टी म्हणाली, "आई, कचऱ्याच्या लॉरीनंतर मी गप्प बसले. आता नाही बसणार. तू एकाहत्तर वर्षांची आहेस. ही गाडी वीक, एक साधी गाडी घे आणि सुखाने बाजारहाट कर."

"गाडीला काहीतरी झालंय. ते काय ते मला शोधू दे."

"किती दिवस शोधणार?"

"ऑक्टोबरचा शेवटचा ट्रॅक डे. तिथून आले की तूच बस, तूच उतारावर ब्रेक लावून बघ. थरथरली तर विकेन. शब्द दिला."

थेल्माने दिलेला शब्द मोडल्याचं लाउथमध्ये कुणाला आठवत नाही. तसं कुणी म्हटलं असतं तरी तिने ऐकून घेतलं नसतं.

त्या शनिवारी थंडगार वारा होता. रस्त्यावर बीटच्या ट्रॉल्यांनी पाडलेला चिखल. सकाळच्या सूचनांना सगळ्यांना एका पत्र्याच्या शेडमध्ये उभं करतात: पिवळा झेंडा, लाल झेंडा, कुणाला पुढे कुठे जाऊ द्यायचं, परत आल्यावर काय करायचं, काय नाही. थेल्माने नेहमीप्रमाणे कागदावर सगळं उतरवून घेतलं. ती आजवर सतरा वेळा हेच ऐकत आणि लिहीत आली होती.

प्रत्येकाला वीस-वीस मिनिटांच्या चार पाळ्या. या वेळी तिने ठरवलं होतं की गाडीला शिकाऊ पोरीसारखं वागवायचं: शेजारी बसायचं, बघायचं, शेरा लिहायचा. पहिली पाळी, शेरा: काही नाही. गाडी लोण्यासारखी थांबते. येऊन ती उभी राहिली, थर्मासमधला चहा प्याली.

दुसऱ्या पाळीत पहिल्याच वळणाला ती थरथर आली. बारीक, पण आली. पहिल्या पाळीत नाही आणि दुसरीत आहे, आणि मधे तर गाडी पंचेचाळीस मिनिटं नुसती उभी होती! उभ्या गाडीला काय होतं?

तिने पुढच्या फेरीला दोन्ही हात स्टिअरिंगवर हलके ठेवले, पियानोवर ठेवावेत तसे. ब्रेक. स्टिअरिंग शांत. थरथर येत होती ती खालून, बैठकीतून, थेट कमरेत. पुन्हा ब्रेक. स्टिअरिंग शांत, कंबर हलतेय. पुढची चाकं बिघडली तर हाताला कळायला हवं. कमरेला कळतंय, म्हणजे?

परत आल्यावर ती बेव्हकडे गेली. बेव्हही थेल्माच्याच वहीतली, गाडी तिच्याकडूनच शिकलेली; एरवी ती बीटची लॉरी चालवते आणि ट्रॅक डेला नारिंगी जाकीट घालून गाड्यांची ये-जा सांभाळते.

"बेव्ह, पलीकडची ती रिकामी पट्टी मला पाच मिनिटं देशील? वीस मैलांच्या वर जाणार नाही."

"वीस? अगं, तिथून ससे तुला मागे टाकतील."

"टाकू देत. मला चालत्या गाडीत हँडब्रेक ओढायचाय."

बेव्हने तिच्याकडे बघितलं. "तू? मला तू काय म्हणाली होतीस आठवतंय? चालत्या गाडीत हँडब्रेक ओढणाऱ्याला तू भर रस्त्यात उतरवून दिलं होतंस."

"त्या गाढवाने ताशी चाळीसला ओढला होता. देतेस का पट्टी?"

जन्मात पहिल्यांदा तिने चालत्या गाडीत तो दांडा धरला. बटण दाबून ठेवलं आणि हळूच, विहिरीतून बादली काढावी तसा, वर घेतला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. दांडा तिच्या तळहातात धडधडला, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. पुढच्या डिस्क निर्दोष होत्या. कपलडिचने दोन जोड्या उगाच भंगारात घातल्या होत्या, आणि पैसे तिने मोजले होते.

थेल्मा गाडी घेऊन परत आली, उभी केली, टॉर्च काढला आणि सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांवर चिखलात बसली. मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क दिसत होती. चकचकीत पोलादावर एक करडा-निळा डाग. गोल नाही, वेडावाकडा नाही. नेमका पॅडच्या आकाराचा. रेशमी कापडावर इस्त्री तशीच ठेवून फोन घ्यायला जावं, तसा. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला एकाच जागी दाबून धरला गेला होता, आणि पॅडचा थर तिथे चिकटला होता. डिस्क वाकडी नव्हतीच. मळलेली होती. तेवढ्या ठिकाणी ब्रेक जास्त धरायचा, बाकी ठिकाणी कमी, आणि सबंध गाडी कुडकुडायची.

पण उभ्या गाडीत मागचे पॅड दाबून कोण धरतंय?

तिच्या डोक्यावर बेव्ह हसू दाबत उभी होती. "थेल्मा, आता येऊन थांबलीस तेव्हा पहिलं काय केलंस?"

"इंजिन बंद केलं."

"त्याच्या आधी."

थेल्माने उघड्या दारातून आत बघितलं. दांडा वर होता, घट्ट, शेवटच्या दात्यापर्यंत.

तिने खिशातला सकाळचा कागद काढला. तिच्याच अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलेलं होतं: परत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गियरमध्ये ठेवा. अठरा वेळा ऐकलेलं. अठरा वेळा मान डोलावलेली. आणि अठरा वेळा तिचा डावा हात तिला न विचारता आपलं काम करून मोकळा झालेला.

"मूर्ख बाई," थेल्मा म्हणाली. बेव्हला नव्हे.

तिने कपलडिचला फोन लावला. "मागच्या डिस्क आहेत. पॅडचा ठसा उमटलाय."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग: "बाई... हँडब्रेक?"

"हो."

"तापलेल्या गाडीला?"

"हो म्हटलं ना!"

"तुम्ही?" आणि कपलडिच असा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. हसणं संपल्यावर तो जरा दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "एकोणऐंशी साली रेल्वे फाटकाशी मी तो ओढायला विसरलो, तर तुम्ही मला अख्खा पावसाळी तास तिथेच थांबवून शंभर वेळा ओढायला लावला होतात."

"तो तास तुझ्या कामी आला. आता मला सांग, आज हे सुटेल का?"

"थंड होऊ द्या पूर्ण. चाकं काढा, डिस्क दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरने डाग जाईपर्यंत घासा. पॅडचं तोंडही घासा. मग साठावरून वीसवर, दहा वेळा, मधे कुठे थांबायचं नाही. मग ब्रेकला हात... पाय न लावता फिरत राहा, निवेपर्यंत. आणि बाई—"

"माहितीय."

तिसरी पाळी घासण्यात गेली. बेव्हने जॅक आणला, पाना आणला, आणि तोंडही आणलं. थेल्मा घासत होती, बेव्ह टॉर्च धरून तिच्याच जुन्या वाक्यांनी तिला शिकवत होती: "घाई नको. आरशात बघा. हात कुठे आहेत तुमचे, मिसेस माल्टबी?" दुपारी तीनपर्यंत चारही बाजूंचे डाग गेले. चौथ्या पाळीत थेल्माने एकही फेरी जोरात मारली नाही. साठ-वीस, साठ-वीस, दहा वेळा. आणि मग दोन फेऱ्या पेडलला न शिवता, इतक्या सावकाश, की सगळे जण तिला ओलांडून गेले आणि एकाने सहानुभूतीने हात हलवला.

राहिला प्रश्न थांबायचा. आपल्या हातावर तिचा आता काडीचा विश्वास नव्हता. म्हणून आवारात शिरताना तिने डब्यातला मनुकांच्या पावाचा जाड तुकडा, वर चीज ठेवलेला, डाव्या हातात घट्ट धरला. गाडी थांबली. हात निघालाच! पाव दांड्यावर आपटला, चीज खाली पडलं, आणि तेवढ्या वेळात तिला शुद्ध आली. बेव्हने पळत येऊन चाकामागे वीट सरकवली.

संध्याकाळी पाचला कर्स्टी दारातच उभी होती, कोट घालून. थेल्माने किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसली.

कर्स्टी उताराच्या माथ्यावर गेली. आरशात बघितलं, मागे कुणी नाही. आणि थेल्माने कधी कुणाला दाबू दिला नसता इतक्या जोरात तिने ब्रेक दाबला. गाडी नाक खाली घालून थांबली. काही हललं नाही. कर्स्टीने खाली जाऊन गाडी वळवली, पुन्हा वर आली, पुन्हा दाबला. मग तिसऱ्यांदा.

"गेलं," ती म्हणाली. "काय होतं?"

आता थेल्माला खोटं बोलता आलं असतं. मागच्या डिस्क खराब होत्या, एवढंच म्हटलं तरी ते खोटं ठरलं नसतं. शब्द थरथरीवर दिला होता आणि थरथर गेली होती. पण खरं सांगितलं तर दवाखान्यात रोज म्हाताऱ्यांना बघणारी मुलगी काय म्हणेल, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. आई, तुला कळतच नाहीये तू काय करतेस ते.

"मी होते," थेल्मा म्हणाली. "तापलेल्या गाडीला हँडब्रेक ओढत होते. दर वेळी. रस्त्यावर तो हवाच, ट्रॅकवरून तापून आल्यावर नको. अठरा वेळा सांगितलेलं, मी लिहूनसुद्धा घेतलेलं. हात ओढत होता आणि मला पत्ता नव्हता."

कर्स्टीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि न्यूट्रल केली. खाली गावातले दिवे लागत होते.

"कुणी शोधून काढलं? कपलडिचने?"

"तो दोन वर्षं पुढच्याच डिस्क बदलत बसला. मी काढलं शोधून. कमरेवरून."

"कमरेवरून?"

थेल्माने सांगितलं: स्टिअरिंग शांत, बैठक हलते, पट्टीवर दांड्यातला ठोका, इस्त्रीसारखा डाग. कर्स्टी मधे मधे विचारत होती, आणि विचारायचे प्रश्न नेमके विचारत होती. दुसऱ्या पाळीतच का आली, पहिलीत का नाही? महिनाभर गुण का यायचा? हलक्या ब्रेकने डाग हळूहळू पुसला जायचा म्हणून, हे तर थेल्माच्याही लक्षात आत्ता, सांगताना आलं.

"गाडी राहू दे," कर्स्टी शेवटी म्हणाली. "विकायचाच असेल तर तो हात वीक."

"कुणी घेणार नाही."

"पण पुढच्या वेळी मी येणार. नुसती बघायला. त्या हातावर लक्ष ठेवायला."

"मार्चमध्ये आहे. सहाला निघावं लागतं, आणि तिथे चहा भिकार मिळतो. थर्मास आण," थेल्मा म्हणाली. "आणि ते बूट नकोत, चिखल असतो."

कर्स्टीने गियर टाकला आणि गाडी चौथ्यांदा उताराच्या माथ्याकडे वळवली. थरथर गेलीय हे तिला कळलं होतं. पण कमरेला काय कळतं, ते आता तिला स्वतःला बघायचं होतं.